सगळा कोड श्रीगणेशाने लिहिला

आमच्या कंपनीत लॉगिन एकच होतं. त्याचं नाव 'अ‍ॅडमिन'. पासवर्ड जिन्याखालच्या सर्व्हरवर चिकटपट्टीने लावलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेला होता, म्हणजे कोणाला विचारत बसायची पाळी नको. मी नोकरीला लागले तेव्हा स्वतःचं वेगळं लॉगिन मागितलं होतं. त्यावर मोठे शेठ, म्हणजे कंपनीचे मालक, प्रेमाने हसले आणि म्हणाले, "बेन, दुकानामध्ये गल्ला एकच असते ने? सगळ्यांना वेगळा गल्ला दिला तर घरचा माणूस पण चोर होऊन जाय."

बेन म्हणजे ताई; ऑफिसात मला सगळे तेच म्हणतात. शेठ माझ्याशी मराठीत बोलतात. निदान त्यांचा तसा समज आहे. मी बडोद्यातच जन्मले, गुजराती मला घरच्यासारखी येते, पण मराठी माणसाशी मराठीत बोलणं म्हणजे त्याला मान देणं असं शेठ धरून चालतात, आणि दिलेला मान परत कसा करायचा ते मला आजवर कळलेलं नाही.

मकरपुऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची कंपनी आहे. खाली वर्कशॉप, वर ऑफिस. आम्ही वजनकाट्यांचं काम करतो. ज्यावर अख्खा ट्रक चढतो ते जमिनीत बसवलेले काटे, आणि त्यांच्या शेजारच्या खोपटात बसलेल्या माणसासमोर वजन दाखवणारं सॉफ्टवेअर. ऐकायला सोपं वाटतं, पण ट्रक चढला की लगेच वजन येत नाही. ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, क्लीनर उतरतो, काहीतरी विसरला म्हणून परत चढतो, ताडपत्री फडफडते, आणि आकडे सारखे वरखाली नाचत राहतात. त्या नाचातून खरं वजन कोणतं आणि ते कोणत्या क्षणी पक्कं धरायचं, हे ठरवणारा कोडचा भाग मी लिहिला. त्याला ऑफिसात 'थरथर' म्हणतात. फाइलचं नावसुद्धा तेच आहे.

थरथर माझी आहे. हे मी इथे ठासून लिहिते आहे, कारण तेव्हा ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपला कोड एका जागी जमा करतात आणि तिथे प्रत्येक बदलाची नोंद होते: काय बदललं, कधी बदललं, कोणी बदललं, आणि बदलणाऱ्याने सोबत काय शेरा मारला. आमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी चोख होत्या. कोणी बदललं, तर अ‍ॅडमिनने. शेरा काय, तर 'ओके', 'फायनल', 'फायनल नवुं', 'आ फायनल छे', आणि एके ठिकाणी नुसतंच 'जय श्री कृष्ण'. इतक्या वर्षांचं सगळ्यांचं काम त्या एका अ‍ॅडमिनच्या नावावर जमा होत होतं. मला त्याचा राग यायचा. लग्नात दिवसभर राबावं आणि फोटोत आपला नुसता कोपर यावा, तसं मला वाटायचं.

मग पुण्याची एक मोठी कंपनी आली. तिला आमचं सॉफ्टवेअर आपल्या सगळ्या काट्यांवर बसवायचं होतं. त्यांनी विचारलं, तुमचा कोड कशात ठेवता? आम्ही सांगितलं. ते म्हणाले, हे फार जुनं झालं, आम्हाला गिट नावाच्या नव्या व्यवस्थेत लागेल, आणि मग आमचा माणूस तपासणी करेल. धाकटे शेठ, म्हणजे मोठ्या शेठचे चिरंजीव, फोनवर कोणालाच नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "थई जशे," आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. असं ते काम माझ्या गळ्यात पडलं.

जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत कोड नेणारा एक प्रोग्रॅम असतो. तो सुरू केला की पहिल्याच नोंदीला अडतो आणि म्हणतो, हा अ‍ॅडमिन कोण? त्याला एक छोटी फाइल द्यावी लागते. डावीकडे जुनं लॉगिन, उजवीकडे खऱ्या माणसाचं नाव आणि ईमेल. ती दिल्याशिवाय तो पाऊल पुढे टाकत नाही. मला त्या प्रोग्रॅमबद्दल जी काही माया वाटली, ती काय सांगू. इतक्या वर्षांत मला जे विचारायचं होतं ते एका यंत्राने सरळ विचारलं होतं. मी मनात ठरवून टाकलं की प्रत्येक नोंद तपासायची, ती कोणाची ते शोधायचं, आणि जिचं तिला, ज्याचं त्याला द्यायचं. बाकीच्यांचं जे होईल ते होवो, थरथरवर माझं नाव आलं पाहिजे.

पण त्याआधीच मोठ्या शेठना बातमी लागली. ते रोज सकाळी येतात, देवाला फुलं वाहतात, वर्तमानपत्र वाचतात आणि जेवायला घरी जातात. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सांभळा, बेन. नवा चोपडा करता?"

सांभळा म्हणजे ऐका, आणि चोपडा म्हणजे व्यापाऱ्याची हिशेबाची वही. दिवाळीला तिची पूजा होते, जुनी बंद होते, आणि लाभपंचमीला नवी उघडते. शेठनी आमच्या कोडच्या सर्व्हरलाही चोपडाच मानलेलं होतं. दर दिवाळीला त्याची पूजा व्हायची, आणि एका वर्षी सीडीच्या फटीत इतकं कुंकू गेलं की तो खण पुन्हा उघडलाच नाही.

"हो शेठ, तसंच समजा," मी म्हणाले. इथे मी चुकले. शेठना कधीही 'तसंच समजा' म्हणू नये, ते समजतात.

"मग जुन्या चोपड्यामधला नव्यामध्ये काय लिहायचा?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही दिलं. "फक्त बाकी. आखा जुना चोपडा कोण उतरवून काढते? शेवटची बाकी ओढायची, अने श्री करायचा."

म्हणजे आजच्या तारखेला कोड जसा आहे तेवढाच उचलून नव्यात ठेवायचा. मागचा इतिहास, कोणी काय केव्हा केलं, ते सगळं जुन्यातच राहू द्यायचं. इतिहासच गेला तर नाव लावणार कशावर? मी त्यांना समजावलं की हा हिशेब नाही, इथे मागचं कामाला येतं. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, जुना चोपडा कोणी फेकून देत नाही, तो लाल कपड्यात बांधून माळ्यावर ठेवतात.

आणि त्यांनी ते केलं. दिवाळीच्या पूजेनंतर वर्कशॉपमधल्या दोघांनी सर्व्हर जिन्याखालून उचलला, लाल कपड्यात गुंडाळला, वरून नाडा बांधला आणि माळ्यावर चढवला. मी म्हटलं, निदान बंद तरी करा. तर शेठ म्हणाले की बंद केला आणि पुन्हा चालू झाला नाही तर? एक लांब वायर वर सोडून तो चालूच ठेवला. कपड्यात गुंडाळलेला सर्व्हर दुपारपर्यंत इतका तापला की माळ्यावरून इस्त्रीचा वास यायला लागला, आणि तो आपणहून बंद पडला. शेठनी वर बघितलं आणि समाधानाने म्हणाले, "शांत झाला."

मी रागाने घरी आले. निजामपुऱ्यापासून मकरपुऱ्यापर्यंत म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी रोज स्कूटरने जाते-येते, त्यामुळे माझे बरेचसे राग फतेगंजच्या सिग्नलपर्यंत निवतात. तो निवला नाही. घरी वडील होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना माझ्या ऑफिसातल्या गोष्टी मालिकेसारख्या लागतात.

"अगं, मग त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "आपले पणजोबा संस्थानच्या पागेत होते. त्यांचं नाव कुठे लिहिलेलं आहे?"

"ते रिसालदार होते ना?"

"ते तू म्हणतेस. माझे वडील त्यांना जमादार म्हणायचे. माझ्या आजीच्या म्हणण्याप्रमाणे ते घोड्यांना चारा घालायचे. नाव कुठे नसलं म्हणजे हा फायदा असतो, दर पिढीला बढती देता येते."

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. मला बढती नको होती. मी जे केलं तेवढंच हवं होतं.

सुटका झाली ती पुण्याच्या कंपनीमुळे. त्यांनी लिहिलं की आम्हाला कोडचा संपूर्ण इतिहास बघायचा आहे. धाकट्या शेठनी ते वडिलांना त्यांच्या भाषेत सांगितलं, की पार्टीला जुने चोपडेही बघायचे आहेत. मोठे शेठ एकदम गंभीर झाले. पार्टीने जुना चोपडा मागितला आणि आपण दिला नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असा अर्थ होतो. "आखा चोपडा द्या," ते म्हणाले. "आपल्याकडे लपवायचा काय आहे?" लाभपंचमीला सर्व्हर खाली आला आणि नशिबाने चालूही झाला. पण बांधलेला चोपडा असाच उघडत नाहीत, म्हणून त्याच्यासमोर उदबत्ती लावायची अट पडली. पुढचे कितीतरी दिवस मी जुन्या नोंदी काढायला बसले की आधी उदबत्ती लावत होते. अर्ध्या कामात ती विझली तर वर्कशॉपमधून कोणीतरी येऊन दुसरी लावून जायचं.

आता कोणाचं काय ते ठरवायचं होतं. मी सगळ्यांना बसवलं आणि पडद्यावर एकेक नोंद दाखवायला लागले. माझी अपेक्षा होती की लोक आपापलं काम ओळखतील. ओळखलंच त्यांनी. जे चांगलं चाललं होतं ते चौघांनी ओळखलं, आणि ज्या बदलामुळे एका कारखान्याच्या काट्यावर रिकाम्या ट्रकचं वजन उणे यायला लागलं होतं, तो कोणाच्याच ओळखीचा निघेना. त्याचा शेरा होता 'हवे बराबर', म्हणजे आता बरोबर. सगळ्यांनी तो वाचला, मान हलवली, आणि हा बहुतेक सोडून गेलेल्या कोणाचा तरी असेल यावर एकमत झालं. सोडून गेलेल्या माणसांच्या नावावर त्या दुपारी इतक्या चुका चढल्या, की त्या काळात कंपनी चालली कशी असा प्रश्न पडावा.

मग थरथर आली. मी म्हटलं, "ही माझी." आणि पुढच्या नोंदीकडे जायला लागले.

"एक मिनिट," आमचे मॅनेजर म्हणाले.

ते माझ्याही आधीपासून कंपनीत आहेत. शांत माणूस. सगळे त्यांना नुसतं 'भाई' म्हणतात, मीही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कोड बेने लख्यो, एमां ना नथी. पण थरथर मारी छे."

मी विचारलं, ती तुमची कशी?

ते सांगायला लागले. थरथर तयार होत होती तेव्हा रोज अंगणातल्या काट्यावर ट्रक चढवायला कोणीतरी लागायचं. कधी दगडांनी भरलेला, कधी रिकामा, कधी जोरात ब्रेक मारून, कधी क्लच अर्धा सोडून. तो ट्रक ते चालवायचे. मी वर खिडकीपाशी आकडे बघत बसायचे आणि हाताने खूण करायचे, पुन्हा. ते ट्रक मागे घ्यायचे आणि पुन्हा चढवायचे. तेव्हापासून त्यांची कंबर जी धरली ती आजतागायत सुटलेली नाही. "केड मारी गई," ते म्हणाले, "तो थरथर कोनी?"

कंबर त्यांची गेली हे खरंच होतं, ते दर तासाला उठून फेऱ्या मारतात. पण कंबर गेली म्हणून कोड त्यांचा कसा होतो? मी चिडून म्हणाले की घर बांधताना विटा वाहणाऱ्याला आपण आर्किटेक्ट म्हणत नाही. हे बोलले आणि लगेच वाटलं, नको होतं बोलायला. भाईंनी चष्मा घातला. खोलीतल्या पोरांनी आपापल्या फोनमध्ये डोकी घातली. एका नोंदीला दोन कर्ते लावता येत नाहीत का, असं धाकट्या शेठनी विचारलं. मी म्हटलं, कर्ता एकच असतो. हे अगदी बरोबर नव्हतं, दुसरं नाव जोडायची सोय आहे, पण ते मला सांगायचं नव्हतं.

प्रकरण मोठ्या शेठपर्यंत गेलं. त्यांनी दोघांनाही समोर बसवलं आणि आधी चहा पाजला.

"बेन, तुम्ही शिकलेले आहात," मग ते म्हणाले. "चोपड्याच्या पहिल्या पानावर कोणाचा नाव असते? मुनीमचा?"

"नाही."

"शेठचा?"

"नाही."

"मग?"

मी ओळखलं ते काय म्हणणार आहेत, पण ते खरंच म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. पाचच मिनिटांत माझ्या त्या छोट्या फाइलमध्ये, अ‍ॅडमिनच्या उजव्या बाजूला, श्री गणेश हे नाव आलं, आणि त्यांच्यासाठी कंपनीच्या नावाने ईमेलही उघडला गेला. भाईंनी हात जोडले. देवाला कोण नाही म्हणणार? धाकट्या शेठना विचारलं, तर ते म्हणाले, "चालशे." मी खुर्चीवर बसून त्या नावाकडे बघत राहिले. अ‍ॅडमिनशी मला भांडता येत होतं, तो कोणीच नव्हता. आता ज्यांच्याशी भांडायचं ते साक्षात समोरच्या भिंतीवर हार घालून बसलेले होते.

मी प्रोग्रॅम सुरू केला. तो या वेळी कुठेही अडला नाही. सगळा इतिहास नव्या व्यवस्थेत आला, पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत, आणि प्रत्येक ओळीपुढे कर्ता म्हणून श्री गणेश. रिकाम्या ट्रकचं वजन उणे दाखवणारी ओळही त्यांचीच. पुढे कोणाला वेगळी लॉगिनं द्यावीत हा विषय मी काढला, तर सगळ्यांना एकच सोयीचं वाटलं, म्हणून नवा कोडही गणेशच लिहायला लागले. पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्या तसबिरीखाली चिकटवण्यात आला. काही बिघडलं की वर्कशॉपमधून विचारणा यायची, हे कोणी केलं? वरून उत्तर जायचं, गणेशने. खालचा माणूस म्हणायचा, मग काही कारण असेल.

पुण्याच्या कंपनीची तपासणी होती त्या दिवशी धाकटे शेठ आणंदला एका लग्नाला गेले होते. मोठ्या शेठच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. मध्ये शेठ, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाई. आम्ही त्या आर्किटेक्टच्या वाक्यानंतर कामापुरतंच बोलत होतो. पडद्यावर एक तरुण मुलगी आली. मी मराठी आहे म्हटल्यावर ती माझ्याशी मराठीत बोलायला लागली, आणि ती मराठी इतकी घोटीव होती की मला आमच्या घरच्या मराठीची क्षणभर लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुढचा क्षणभर राग आला.

"तुमच्याकडे सगळा कोड श्री. गणेश यांनी लिहिलेला दिसतोय," ती म्हणाली. "ते आज आपल्यासोबत आहेत का?"

मी तोंड उघडायच्या आत शेठनी हात जोडले. "ते सगळीकडे आहेत."

"अच्छा, म्हणजे ऑफिसला येत नाहीत. घरून काम करतात?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

"माझी अडचण अशी आहे," ती पुढे म्हणाली, "की इतकं सगळं एकाच माणसावर अवलंबून असणं धोक्याचं आहे. ते रविवारीही काम करतात. काही वेळा तर एकाच वेळी वेगवेगळ्या फायलींत काम चाललेलं आहे. उद्या ते सोडून गेले तर तुमच्याकडे काय व्यवस्था आहे?"

"असा अशुभ नका बोलू, बेन," शेठ म्हणाले.

तिने काहीतरी टाइप केलं. काय टाइप केलं असेल याची कल्पना करून मला आतून हसू फुटत होतं, आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी येत होतं. भाई खाली बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसत होतो.

मग ती म्हणाली, "आता ही थरथर नावाची फाइल. ही मी दोनदा वाचली, कामासाठी नाही, नुसती वाचावीशी वाटली म्हणून. ड्रायव्हर क्लच सोडतो तेव्हाची थरथर आणि ताडपत्री वाऱ्याने हलते तेव्हाची थरथर यात वेगळ्या धरल्या आहेत. असं मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. हेसुद्धा गणेश यांचंच का?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. इतक्या वर्षांत त्या फाइलबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. चालते म्हणाले होते, बंद पडली म्हणाले होते. वाचली, असं कोणी म्हणालं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "ती मी लिहिली आहे."

शेठनी वळून माझ्याकडे बघितलं. ते रागावतील असं मला वाटलं, पण त्यांचा चेहरा एकदम फुलला. पार्टीला माल आवडला होता, आणि माल आपल्या घरचा होता. गणपतीची काही हरकत असेल असं त्यांना दिसलं नाही. "हां, लिहा, लिहा," ते पडद्याला म्हणाले. "आमच्या बेननी लिहिला आहे. फर्स्ट क्लास बेन आहे."

"हो, मी नोंद करते. पूर्ण नाव सांगता?"

"लिहा," शेठ म्हणाले, आणि थांबले. त्यांनी माझं आडनाव सांगितलं. ते सगळ्यांना माहीत होतं. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले, आणि मान वळवून दुसऱ्या बाजूला भाईंकडे बघितलं. भाईंनी खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी शोधलं, आणि पडदा शेठपुढे धरला. मला तो तिरपा दिसला. माझा नंबर तिथे 'बेन मराठी' या नावाने होता.

पुण्याची मुलगी बोटं टेकवून वाट बघत होती. मीच माझं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत सांगायचे तसं. शेठनी ते ओठातल्या ओठात एकदा म्हणून बघितलं. "सरस नाव आहे," ते हळूच म्हणाले. तिने ते लिहून घेतलं. ज्याच्यासाठी मी इतकी भांडले ते मला मिळालं होतं, आणि ते मिळताना शेजारच्या दोघांनी ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. मला आनंद झाला नाही असं नाही, पण तो कसा झाला ते सांगता येत नाही.

"आणि याची चाचणी कोणी घेतली?" तिने विचारलं. "इतके वेगवेगळे प्रकार आहेत, म्हणजे कोणीतरी खरा ट्रक कितीतरी वेळा चढवला असणार."

मला तेव्हा भाईंबद्दल फार वाटलं. खिडकीतून दिसणारा तो ट्रक आठवला, मागे जाणारा आणि पुन्हा चढणारा, आणि माझा तो हात, पुन्हा म्हणणारा. मी खुर्चीत पुढे सरकले.

"ते आमच्या मॅनेजरनी केलं," मी म्हणाले. "सगळं त्यांनीच. त्यांच्याशिवाय मला यातलं काहीही लिहिता आलं नसतं. त्यांचंही नाव माझ्या नावाशेजारी लिहा. दोन नावं लावायची सोय असते."

"हो, असते. सांगा."

मी त्यांचं आडनाव सांगितलं. त्या आडनावाची माणसं आमच्या इस्टेटमध्ये निम्मी आहेत.

"आणि नाव?"

माझ्या तोंडी नुसतं 'भाई' आलं. मी त्यांच्याकडे वळले. ते ताठ बसले होते, कंबर दुखते म्हणून एरवी कधी बसत नाहीत तसे. मी सांगेन म्हणून माझ्याकडे बघत राहिले.